फोटोग्राफीची सुरुवात घरातल्या पंख्यापासून

नवा कॅमेरा हातात आला की पहिल्याच रविवारी सिंहगड नाहीतर लोणावळा गाठायचं, तीन-चारशे फोटो काढायचे आणि घरी येऊन बघावं तर त्यातले निम्मे हललेले. मग खापर लेन्सवर. लेन्स बहुतेक वेळा निर्दोष असते; शटर मंद पडलेलं असतं आणि ते मंद पडलंय हे कळायला कुणी शिकवलेलं नसतं. ऑटो मोडमध्ये शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडायचं) आणि आयएसओ (मिळालेला उजेड किती वाढवायचा) या तिन्ही गोष्टी कॅमेरा परस्पर ठरवतो, त्यामुळे बिघडलं कशाने याचा पत्ताच लागत नाही. म्हणून पहिला महिना एका वेळी एकच गोष्ट आपल्या हातात घ्यायची, आणि तीही घरातच.

कॅमेरा कुठला घ्यावा यावर फार वेळ घालवू नका. दहा वर्षं जुना डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स शिकायला पुरते. सेकंडहँड घेताना दोन गोष्टी जरूर तपासा. लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका सोडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघा. आणि एफ/१६ ला, म्हणजे अपर्चर बारीक करून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळपट ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, बुरशीचं मात्र सांगता येत नाही. फोनवर शिकणार असाल तर प्रो मोड वापरा, पण बहुतेक फोनमध्ये अपर्चर बदलत नाही, तेवढा धडा सोडून द्यावा लागेल.

लेन्स ३५ मिमीवर आणून झूमच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाका. झूम हाताशी असला की पाय हलत नाहीत.

आता पंखा. दिवसा, खिडक्या उघड्या, दिवे बंद. मोड डायल निकॉन-सोनीवर एस, कॅननवर टीव्ही (दूरदर्शनशी संबंध नाही, टाइम व्हॅल्यूचं लघुरूप आहे), म्हणजे शटर आपण ठरवायचं, बाकीचं कॅमेरा बघतो; आयएसओ ऑटो. कॅमेरा जमिनीवर टॉवेलची घडी करून तिच्यावर उताणा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि पंखा रेग्युलेटरच्या दोनवर फिरू द्या. मग शटर १/१०००, १/२५०, १/६०, १/१५ आणि १/८ सेकंद ठेवून पाच फोटो काढा. १/१००० ला पाती जवळजवळ थांबलेली दिसतील, पण फोटो दाणेदार येईल, कदाचित काळाही. इतक्या कमी वेळात उजेड पुरा पडत नाही म्हणून आयएसओ वर चढलेला असतो. १/६० ला पात्यांची टोकं फराटतील, मधला भाग तरीही ओळखू येईल, कारण टोक जास्त अंतर कापतं. मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे पडत असतील तर १/८ सेकंदात पंखा साधारण एकतृतीयांश फिरतो. पाती तीन, म्हणजे प्रत्येक पातं पुढच्या पात्याच्या जागी पोचतं आणि फोटोत नुसती चकती उमटते. छत मात्र पाचही फोटोंत स्वच्छ राहतं.

दिवे बंद करायला सांगितलं त्याचंही कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान झालं की फोटोत आडवे पट्टे येतात. घरच्या समारंभात असे पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा.

आता कॅमेरा हातात घेऊन तेच करा. या वेळी मंद शटरला छतही हलेल. हा फरक डोळ्यात बसला की निम्मं काम झालं, कारण पुढे प्रत्येक बिघडलेल्या फोटोची तपासणी याच पद्धतीने करायची आहे. संपूर्ण फ्रेम सारखीच हलली असेल तर हात हलला. मागची भिंत स्वच्छ आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला, शटर त्याच्या हालचालीला अपुरं पडलं. आणि माणूस पुसट, पण त्याच्या पुढचा खिडकीचा गज खणखणीत आला असेल तर फोकस चुकला. तिन्हींचा इलाज वेगळा. हाताचा हिशेब असा: लेन्सचे मिलिमीटर गुणिले दीड. म्हणजे ३५ ला निदान १/६०, ५५ ला १/१००. माणसांसाठी शांत बसलेल्याला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, फुगडीला किंवा पळणाऱ्या पोराला १/५०० च्या खाली जाऊ नका. फोकससाठी एकच बिंदू निवडायची सोय प्रत्येक कॅमेऱ्यात असते. ती लावा, बिंदू डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून फोकस धरू द्या, मग पूर्ण दाबा. निवड कॅमेऱ्यावर सोडली तर तो बरेचदा जवळची वस्तू पकडतो, म्हणून गज.

दुसऱ्या आठवड्यात अपर्चर. मोड ए, कॅननवर एव्ही; आता अपर्चर आपण ठरवायचं आणि आयएसओ ऑटोवरून काढून एका आकड्यावर पक्का ठेवायचा. खिडकीजवळच्या टेबलावर तीन डबे एकामागे एक, वीतभर अंतराने ठेवा आणि फोकस मधल्यावर धरा. आधी लेन्सचा सगळ्यात लहान एफ-आकडा (तेव्हा भोक सगळ्यात मोठं असतं), मग ५.६, ८, ११, १६. ५.६ पासून पुढे प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो आणि शटर तेवढंच मंदावतं. ते आकडे वहीत लिहून काढा. मागची अक्षरं कुठल्या आकड्याला वाचता येऊ लागली तेही लिहा. २२ पर्यंत जायचा मोह टाळा, तिथे विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरत असल्याने, सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. पुढे कधी ५० मिमी एफ/१.८ घेतलीत तर लक्षात ठेवा: एक मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम तीन सेंटीमीटर खोली स्वच्छ येते. चेहरा थोडा वळलेला असेल तर एक डोळा लखलखीत आणि दुसरा धूसर. लोक याला लेन्सचा दोष समजून दुरुस्तीला नेतात. २.८ किंवा ४ वर या, काम होतं.

तिसरी गोष्ट फारसं कुणी शिकवत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरा पंचा फ्रेमभर घेऊन फोटो काढा: करडा. काळी छत्री फ्रेमभर घ्या: तीही करडी. वारकऱ्यांची धोतरं मळकी येतात आणि म्हैस धुरकट दिसते ती यामुळेच. अधिक-उणे चिन्हाचं बटण त्यासाठीच दिलेलं असतं. पांढऱ्याला +१ ते +१.३, काळ्याला -१ ते -१.३. उपाय उलटा वाटतो, पण पंचा आणि छत्री घेऊन एकदा केलात की विसरणार नाही. एक अपवाद आहे. माणसामागे आकाश असेल आणि चेहरा काळा पडत असेल तर +१.५ ला चेहरा उजळतो, पण आकाश जळतं. रॉ फाइलमधून (जेपेग न करता ठेवलेल्या सेन्सरच्या कच्च्या फाइलमधून) अंधारातला तपशील बराचसा काढता येतो, जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही. अशा वेळी माणसालाच वळवा.

उजेडासाठी स्टुडिओ लागत नाही. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकी एका बाजूला येईल असं बसवा आणि पलीकडच्या गालाजवळ थर्माकोलचा पांढरा पत्रा धरा. पत्रा जवळ-लांब करत सावली किती भरते ते बघा. दुपारी बाराच्या उन्हात मात्र डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यापेक्षा पडवी किंवा चाळीची गॅलरी कधीही बरी.

एवढं झालं की चिकटपट्टी काढा आणि बाहेर पडा. एका फेरीला ३६ फोटो, पूर्वीच्या रोलइतके. घरी आल्यावर प्रत्येक फोटोचं शटर, अपर्चर, आयएसओ वाचा आणि हात, माणूस की फोकस ते ठरवा. मगच कार्ड रिकामं करा, तेही कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लेन्स कापडी बॅगेत ठेवून कपाटात टाकू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलची पुडी पुरते. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. एसी खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. आणि सेन्सरवर धूळ दिसली म्हणून तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचा थेंब उडतो आणि तो ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) निघत नाही.