टॅपेट कव्हर घरी रंगवताना

इंजिनाचं टॅपेट कव्हर (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) रंगवायचं तर खरा वेळ रंगाला नाही, सफाईला द्या. रॉकेलने काळं ऑइल सुटतं, पण मागे तेलकट थर राहतो. म्हणून नंतर भांड्यांच्या साबणाने गरम पाण्यात धुवा, कोपरे जुन्या टूथब्रशने घासा. वाळल्यावर थिनर लावलेलं पांढरं फडकं फिरवा. फडकं पिवळट निघत असेल तर अजून तेल आहे. अशा जागी रंग हमखास पापुद्रे धरून सुटतो.

मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मोडा आणि पुन्हा पुसा. कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आधी एच प्रायमर (etch primer, गुळगुळीत धातूला घट्ट धरणारं अस्तर) मारा. गॅस्केट (सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी) बसते ती कड, बोल्टची भोकं आणि आतली बाजू मास्किंग टेपने झाका. कडेवर रंग चढला की गॅस्केट नीट बसत नाही आणि ऑइल झिरपायला लागतं.

साधा स्प्रे इथे टिकत नाही, इंजिन इनॅमलच घ्या. ते साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापट नळ्यांना) मात्र हे चालणार नाही, त्याचा रंग वेगळा. तीन पातळ हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. एकच जाड हात दिला की ओघळ आलेच! पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत रंग पांढुरका पडतो. एरवीही मोकळ्या हवेत, मास्क लावून, गॅस-शेगडीपासून लांब मारा. आणि रंग भाजायला स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, घरचे कितीही प्रेमळ असले तरी.