बारावीचं बायोलॉजी वावरातून सुरू करा

दहावीपर्यंत मराठीत 'पेशी' शिकलेलं पोरगं अकरावीच्या पहिल्या आठवड्यात 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम' ऐकतं आणि घरी येऊन सांगतं, बायोलॉजी म्हणजे नुसतं पाठांतर. त्यात एसटीने अपडाऊन, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला हात कमी पडतात म्हणून सुट्टी, आणि रात्री लाइटचा भरवसा नाही. ज्युनिअर कॉलेजात हा विषय शिकवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पाठ करावं लागतं ते नाव. वस्तू तर आपल्या धुऱ्यावर उभी असते. म्हणून अभ्यासाचा क्रम बदला.

पहिली पायरी : नावांची वही. दोनशे पानी वही घ्या आणि रोज पाच शब्द लिहा. शब्दाचं पुस्तकातलं स्पेलिंग, त्याची फोड आणि मराठी अर्थ, एवढंच. ग्लायको म्हणजे साखर, लायसिस म्हणजे फुटणं. ग्लायकोलायसिस झालं साखर फोडणं. हायपो कमी, हायपर जास्त. एंडो आत, एक्सो बाहेर. अशा तीस-चाळीस फोडी आल्या की नवा शब्द अर्धा ओळखीचा वाटतो. शब्द मोठ्याने म्हणा. जो तोंडात बसत नाही तो पेपरात हातातून उतरत नाही. मी स्वतः टेरिडोफायटाचं स्पेलिंग फळ्यावर 'टी'पासून सुरू केलं होतं आणि आख्खा वर्ग हसला होता. तिथे आधी 'पी' आहे, तो म्हणायचा नसतो. ते हसू मला अजून आठवतं, स्पेलिंगही.

दुसरी पायरी : धडा वाचण्याआधी वस्तू उघडून पाहा. ही पायरी पोरं टाळतात, आणि सगळी गंमत इथेच आहे.

नागपुरी संत्र्याच्या चार-पाच बिया रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी नखाने वरची पांढरी साल काढा, आतला तपकिरी पापुद्राही सोला आणि बी दोन बोटांत हलकेच दाबा. हिरवट रंगाचे लहान-मोठे तुकडे वेगळे होतील. डाळीसारखी दोनच दलं निघायला हवी होती, इथे तीन-चार जिवांचा संसार आहे. हीच बहुभ्रूणता, पुस्तकातली पॉलिएम्ब्रियनी. सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्या डच संशोधक लेव्हेनहूकने १७१९ साली संत्र्याच्या बीतच ती पाहिली होती. सहसा यातला एक भ्रूण फलनातून आलेला असतो, बाकीचे बीजांडातल्या न्युसेलसच्या पेशींपासून, म्हणजे हुबेहूब आईसारखे. आता वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या नर्सरीत जाऊन विचारा की कलमाच्या खुंटासाठी जंबेरीच (लिंबाची एक जात) का लावता. जंबेरीच्या बीतही असेच भ्रूण असतात, म्हणून तिची बहुतेक रोपं एकसारखी निघतात. नर्सरीवाल्याकडे तो शब्द नसेल, अनुभव असतो. शब्द तुमच्याकडे असतो.

ऑगस्टमध्ये, पेरणीला महिना-सव्वा महिना झाल्यावर, सोयाबीनचं एक झाड काढा. उपटू नका, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट उचला आणि बादलीत बुडवून माती सुटू द्या. मुळावरची एक गाठ ब्लेडने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर त्यात लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य आहे आणि गाठ हवेतला नायट्रोजन बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती अजून कामाला लागलेली नाही किंवा तिचं काम संपलं आहे. ऑक्टोबरात सोयाबीन निघून जातं. मग उरतं फक्त पुस्तकातलं चित्र, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

तिसरी पायरी : एका पिकाला तीन-चार धडे बांधा. पऱ्हाटी घ्या. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली; त्यातला अळीला मारणारं विष बनवणारा क्राय जीन बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा. हा झाला बायोटेक्नॉलॉजीचा धडा. मग २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडं का पोखरली? विष पचवणाऱ्या अळ्या वाचल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. हा नैसर्गिक निवडीचा धडा. बियाण्यासोबत बिगर-बीटी बी का देतात, हेही इथेच सुटतं.

आनुवंशिकतेसाठी सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या मुलांनी हा शब्द पुस्तकाआधीच ऐकलेला असतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. 'चार मुलांत एक' असं लिहू नका, ते चूक आहे. आणि वर्गमित्राच्या घरचं उदाहरण घेऊन पनेट चौकोन (आई-वडिलांकडून मुलात कोणते जीन येऊ शकतात ते दाखवणारा तक्ता) काढू नका, कागदावरचे काल्पनिक आई-वडील पुरतात.

चौथी पायरी : आकृती पाहून नाही, पुस्तक मिटून काढा. हृदय, नेफ्रॉन, बीजांड, डीएनएची प्रतिकृती. पाच मिनिटं, पेन्सिल, नावं एका बाजूला सरळ रेषेत. मग पुस्तक उघडा आणि जे सुटलं ते लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल पाहायचं. हलत्या एसटीत वाचून डोकं दुखतं; तिथे डोळे मिटून तीच आकृती मनात काढा.

पाचवी पायरी : पेपरानुसार वाचा. बोर्डाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० चं. लेखीत दोन आणि तीन गुणांचे प्रश्न मिळून ४० गुण होतात, म्हणून लांबलचक निबंध पाठ करण्यात वर्ष घालवू नका. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, चुकलं की एक गुण वजा, आणि प्रश्नांचा आधार एनसीईआरटी. तेव्हा बालभारतीसोबत ते पुस्तकही ओळ न ओळ वाचा. दोन्ही मोबाइलवर फुकट मिळतात. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पण फॉर्म भरतानाच भाषा निवडावी लागते. अकरावी-बारावी इंग्रजीतून शिकलेल्यांनी आधी एक सराव पेपर मराठीत सोडवून बघावा. तिथले पारिभाषिक शब्द दहावीच्या पुस्तकापेक्षा बरेच जड असतात, आणि ऐन परीक्षेत 'प्रकलविभाजन' म्हणजे कॅरिओकायनेसिसच ना, हे आठवत बसायला वेळ नसतो.