तुर्की हमाम: आधी घाम, मग केसे, शेवटी तेल

अभ्यंगस्नानाच्या सवयीने तुर्की हमामात, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक स्नानगृहात, गेलं की पहिली चूक क्रमाची होते. आपल्याकडे आधी तेल, मग उटणं, मग कढत पाणी. हमामात आधी नुसती ऊब आणि घाम, मग साबण न लावलेल्या खरखरीत हातमोज्याने घासणं, मग साबणाचा फेस, आणि तेल लावायचंच असेल तर अगदी शेवटी. हा क्रम मोडला की पैसे पूर्ण जातात आणि हाती फक्त गरम पाण्याची आंघोळ लागते. इस्तंबूल, बुर्सा, अंताल्या, कुठेही गेलात तरी एवढं पक्कं ध्यानात ठेवा, कारण घासणाऱ्या त्या मोज्याचं सगळं काम त्वचेच्या तयारीवर अवलंबून असतं.

त्या मोज्याला तुर्कीत ‘केसे’ म्हणतात. आपल्या केसांशी त्याचा संबंध नाही; फारसीतल्या ज्या शब्दापासून मराठीत ‘खिसा’ आला, त्यापासूनच हा आला. आकारही खिशासारखाच, हात आत घालायचा. कच्च्या रेशमाचा, शेळीच्या केसांचा किंवा हल्ली बहुधा व्हिस्कोजचा असतो. साबणाला तिकडेही ‘साबून’च म्हणतात.

कोणता हमाम निवडावा

इस्तंबूलमध्ये दोन जातींचे हमाम आहेत. एक, जुने शाही किंवा वजिरांनी बांधलेले आणि आता प्रामुख्याने पर्यटकांसाठी चालणारे. चेंबेरलिताश हमाम 1584 चा, सुलतान तिसऱ्या मुरादची आई नुरबानू सुलतान हिने बांधवलेला, वास्तुकार मिमार सिनान. तिथे स्त्रियांचा आणि पुरुषांचा असे दोन स्वतंत्र विभाग आहेत, आणि ट्रामच्या टी-1 मार्गावर त्याच नावाचा थांबा आहे, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याला सोयीचा. आयासोफिया मशिदीजवळचा हुर्रेम सुलतान हमामही सिनाननेच बांधला, 1556 च्या सुमारास. त्यात स्त्री-पुरुषांचे दोन विभाग एका सरळ रेषेत, एकामागे एक आहेत. जाआलोउलू हमाम 1741 चा. तोपहाने या भागातला किलिच अली पाशा हमाम एकच घुमट असलेला, म्हणून तिथे दिवसा स्त्रिया आणि संध्याकाळनंतर पुरुष अशी वेळेची वाटणी असते. नवरा-बायकोला एकाच वेळी जायचं असेल तर हा निवडून उपयोग नाही. एकाच दालनात एकत्र बसायचं असेल तर सुलेमानिये हमाम जोडपी आणि कुटुंबांना एकत्र घेतो.

दुसरी जात मोहल्ल्यातल्या हमामांची. दारावर ‘एर्केक’ म्हणजे पुरुष आणि ‘कादिन’ म्हणजे स्त्रिया अशी पाटी. काही ठिकाणी दार एकच असतं आणि वार किंवा वेळ ठरलेली असते, तेव्हा आत शिरण्याआधी विचारा. दर लिरांत, पर्यटकी हमामांपेक्षा बरेच कमी; इंग्रजी जेमतेम. साधेपणा चालत असेल तर अनुभव इथला जास्त खरा. पहिल्यांदा जाताना मात्र मोठा, जुना हमाम घ्यावा असं आमचं मत आहे: तिथे क्रम समजावून सांगायला माणूस असतो, आणि घुमटातल्या गोल काचांमधून खाली उतरणारा उजेड ही स्वतःच एक पाहण्याची गोष्ट आहे. त्या काचांना तुर्कीत ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात.

समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांतला ‘हमाम’ म्हणजे बऱ्याचदा स्पामधली एक संगमरवरी खोली. वाईट असतोच असं नाही, पण तिथे घासणारी व्यक्ती आपल्याच लिंगाची असेल याची खात्री नसते. पारंपरिक हमामात पुरुषांना ‘तेल्लाक’ आणि स्त्रियांना ‘नातिर’ घासते, ही वाटणी पक्की. हॉटेलात हे आधी विचारून घ्या, ऐनवेळी ओशाळं होण्यापेक्षा ते बरं.

दरपत्रक वाचताना

बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्या असतात. पहिली नुसत्या प्रवेशाची, म्हणजे आपलं आपण घासायचं. दुसरी ‘केसे-कोपुक’, म्हणजे घासणं आणि फेस. तिसऱ्यात त्यावर तेलाचा मसाज. गोंधळ होतो तो ‘मसाज’ या शब्दाचा. दुसऱ्या पायरीतही ‘फेसाचा मसाज’ लिहिलेला असतो, पण तो गरम दगडावर, साबण लावता लावता केलेला दहाएक मिनिटांचा असतो. तेलाचा मसाज वेगळ्या खोलीत, टेबलावर, अर्धा तास किंवा त्याहून जास्त. पैसे भरताना मिनिटं विचारा. मध्येच, दगडावर पडलेलं असताना, कुणी आणखी काही हवं का असं विचारलं तर त्याची किंमत त्याच वेळी विचारा. ‘हो’ म्हणून मान हलवली की ती बिलात चढते.

खरं तर पहिल्या खेपेला दुसरी पायरी पुरते. त्वचा नुकतीच घासलेली असते, ऊब अंगात मुरलेली असते. त्यावर तेलाचा मसाज सुखाचा लागतो, पण तो नसला म्हणून काही अपुरं राहत नाही.

जाण्याच्या दिवशी

त्या दिवशी अंगाला तेल, लोशन, सनस्क्रीन काही लावू नका. केसे तेलकट कातडीवरून नुसता घसरतो, मळ सुटत नाही. दाढी किंवा पायांचे केस त्याच दिवशी काढू नका. वॅक्सिंग असेल तर दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्या, नाहीतर भयंकर झोंबतं. जेवण दोन तास आधी, तेही हलकं. निघण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी प्या. मद्य घेऊन अजिबात जाऊ नये.

दागिने हॉटेलच्या तिजोरीत. मंगळसूत्राचे मणी, जोडवी, साखळी, सगळं. धातू तापतो, केसेचा धागा त्यात अडकतो आणि ओल्या फरशीवर पडलेला मणी सापडत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. सोबत एक जादा अंतर्वस्त्र, कंगवा, लांब केस असतील तर आपला कंडिशनर, आणि बक्षिसीसाठी सुट्या लिरा.

कुणी जाऊ नये हेही स्पष्ट सांगायला हवं. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असलेले, ताप असलेले, उघडी जखम, भरात असलेला एक्झिमा किंवा सोरायसिस असलेले, नुकताच टॅटू काढलेले, आणि उन्हाने कातडी भाजलेले. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेल्या दगडावर चटका बसलेला कळत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चेहऱ्यावर रेटिनॉइडचं मलम लावत असाल तर चेहऱ्यावर केसे फिरवू देऊ नका.

सहलीच्या आखणीत हमाम उतरल्या दिवशी नको. विमानप्रवासाने अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सकाळच्या वेळी, आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी कमी. संध्याकाळी दिवसभर फिरून आलेले गट एकदम येतात, आणि मग दगडावर शांतपणे पडून राहायची वीस मिनिटं कुणी देत नाही.

आत गेल्यावर

पहिली खोली मोठी, थंड. मध्ये बहुधा कारंजं, भोवती कपडे बदलायच्या लाकडी खोल्या. इथे पेश्तेमाल मिळतो, म्हणजे चौकडीचा पातळ सुती पंचा. पुरुषांनी तो कमरेला गुंडाळायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. घासतानाही तेल्लाक तो आवरून सावरून घेतो. स्त्रियांच्या विभागात बहुतेक जणी खालचं अंतर्वस्त्र ठेवून बाकी काढतात. बिकिनी घालून बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. लाज वाटणं अगदी साहजिक आहे. आपल्याला कळू लागल्यापासून परक्या माणसाने आंघोळ घातलेली नसते. पण नातिरच्या दृष्टीने हे रोजचं काम आहे, आणि पाच मिनिटांत ते तुम्हालाही कळतं.

पायात सपाता किंवा लाकडी ‘नालिन’ घाला. जुन्या हमामात भट्टीचा धूर आणि ऊब फरशीखालच्या पोकळीतून फिरवून भिंतींतल्या नळ्यांमधून वर काढत, म्हणून फरशी खालून तापते आणि वरून ओली असते. घसरून पडणं हा इथला सगळ्यात मोठा धोका. पावलं लहान टाका.

मधली कोमट खोली ओलांडून गरम दालनात आलात की भिंतीलगत संगमरवरी घंगाळासारखी भांडी दिसतील. ती ‘कुर्ना’. दोन नळ, एक गरम, एक गार. तांब्यासारख्या ‘तास’ने पाणी काढून अंगावर घ्यायचं. कुर्नाला तळाशी भोक नसतं. म्हणून साबणाचा हात, फेसाचं भांडं किंवा अंगावरून ओघळलेलं पाणी त्यात जाता कामा नये. आणि कुर्नाच्या काठावर बसायचंही नाही. त्याने शेजारच्या सगळ्यांचं पाणी खराब होतं.

अंगावर आठ-दहा तांबे पाणी घ्या, नुसतं पाणी. साबण आत्ता नाही. साबण लावला की केसे घसरतो, तेलाने होतं तेच होतं.

मग मधला मोठा, बहुधा अष्टकोनी ओटा, ‘गोबेकताशी’. शब्दशः पोटाचा दगड. पेश्तेमालासकट त्यावर पाठीवर पडा. मध्यभाग सगळ्यात गरम असतो, सुरुवातीला कडेला राहा. पंधरा ते वीस मिनिटं. हवा साधारण 40 ते 50 अंश, पण दमट, म्हणून सॉनापेक्षा सौम्य वाटली तरी थकवते. दर पाच मिनिटांनी उठून मनगटांवर आणि मानेवर गार पाणी घ्या. कपाळावर घाम मण्यांसारखा उभा राहिला आणि बोटांची टोकं सुरकुतली की त्वचा तयार झाली. गर्दीच्या हमामात पाच मिनिटांतच हाक येते. तेव्हा हाताने ‘थोडं थांबा’ असं सांगायला संकोचू नका. सगळा फरक याच मिनिटांत आहे.

चक्कर, मळमळ, कानात दडे बसल्यासारखं वाटलं तर लगेच मधल्या खोलीत या, बसा, पाणी प्या. झटकन उभं राहू नका.

घासणं आणि फेस

तेल्लाक किंवा नातिर ओट्याच्या कडेला बोलावते, वळायचं असेल तेव्हा अंगावर हलकी चापट मारते. लांब, सरळ हातांनी पाठ, पाय, पोट, दंड. थोड्या वेळाने करड्या रंगाच्या बारीक वळ्या सुटू लागतात. ती मेलेली कातडी, आपण रोज आंघोळ करत असलो तरी निघतेच. वज्रीने टाच घासल्यावर निघतं तसंच, फक्त सबंध अंगावरून. दहा-पंधरा मिनिटं. कातडी गुलाबी होणं ठीक. आग होणं, रक्ताचे ठिपके दिसणं ठीक नाही. ‘यावाश’ म्हणजे हळू. ‘आजियोर’ म्हणजे दुखतंय. ‘येतेर’ म्हणजे पुरे. ‘सू’ म्हणजे पाणी. एवढे चार शब्द पाठ करून जा. एकदा वापरलेला केसे दुसऱ्यावर चालवणं चांगलं नव्हे. मोठे हमाम नवा देतात, मोहल्ल्यातल्या हमामात स्वतःचा विकत घेऊन न्यावा. नंतर घरी न्यायला तोच.

पाण्याने धुतल्यावर फेस. पातळ कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून, हवेत फिरवून फुगवतात आणि वरून खाली पिळत येतात. अंगावर ढगाएवढा फेस उतरतो. त्याच फेसात पोटऱ्या, खांदे, पाठ रगडली जाते. इथे काही जण मान वळवतात किंवा सांधे मोडतात. मणक्याचा त्रास असेल तर आधीच कमरेवर किंवा मानेवर हात ठेवून नकार द्या. ‘बेलिम आरियोर’, माझी कंबर दुखते. शेवटी कुर्नापाशी बसवून डोकं धुतात, डोळे घट्ट मिटून घ्या. शेवटचे तांबे गार पाण्याचे असतात, न सांगता ओततात.

नंतर

कोरडे पेश्तेमाल किंवा टॉवेल कमरेला, खांद्यांवर आणि डोक्याला गुंडाळून पहिल्या खोलीत बसवतात. ‘सिहातलेर ओलसुन’, आरोग्य लाभो, असं कुणी म्हणालं तर ‘तेशेक्कुरलेर’ म्हणा. अर्धा तास बसा. चहा चालेल, पण आयरान, म्हणजे खारट ताक, किंवा ‘सोडा’ या नावाने मिळणारं खनिज पाणी घेतलं तर घामाने गेलेलं मीठ भरून येतं. तेलाचा मसाज घेतला असेल तर तो या विश्रांतीनंतर.

बक्षिसी साधारण दहा टक्के, रोख लिरांत, ज्याने घासलं त्याच्या हातात. कार्डाच्या बिलात मिळवली तर त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

त्या दिवशी अत्तर, डिओडोरंट, भर उन्हात समुद्रकिनारा नको. नवी कातडी लगेच भाजते. साधं सुगंधविरहित क्रीम तासाभराने लावा. हिवाळ्यात केस पूर्ण वाळवूनच बाहेर पडा. घरी आणलेला केसे प्रत्येक वेळी साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि आठवड्यातून एकदाच वापरा, गरम पाण्याने दहा मिनिटं अंग भिजवल्यावर, साबणाआधी.