महसीरचा डीएनए तपासताय? या चुका टाळा

नदीतले मासे घटले की हल्ली पहिला सल्ला मिळतो, डीएनए तपासा. तपासा जरूर, पण कोणता मासा घटतोय हेच नक्की नसेल तर यंत्र कितीही महागडं असून उपयोग नाही. कावेरीत नेमकं हेच झालं.

तिथला नारिंगी परांचा, पाठीला कुबड असलेला महसीर पन्नास किलोच्या वर जायचा. गळ टाकणाऱ्या हौशींमध्ये त्याचं जगभर नाव, पण शास्त्रीय नाव धड ठरलेलं नव्हतं. दरम्यान लोणावळ्याच्या हॅचरीतली (मत्स्यबीज केंद्रातली) निळ्या परांच्या महसीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कावेरीत सोडली जात होती. हा टॉर खुद्री आपल्या मुळा-मुठेतला; सायक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं. १९९८ ते २०१२ मधल्या गळाच्या नोंदींत महसीरांची संख्या वाढलेली दिसते. वाढला तो निळ्या परांचा. कुबडवाला नाहीसा होत गेला. तो टॉर रेमादेवी आहे हे ठरायला २०१८ उजाडलं, आणि मग कुठे त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून लाल यादीत (धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत) जागा मिळाली. तेव्हा ‘महसीर’ एवढीच नोंद असलेली आकडेवारी हाती आली, तर आधी तिच्यातल्या जाती वेगळ्या करा.

डीएनएचा क्रम, म्हणजे त्यातल्या घटकांची मांडणी, जुळला की जात कळली, असंही समजू नका. सार्वजनिक जनुक-संग्रहांत महसीरचे चुकीच्या नावाने ठेवलेले क्रम आहेत. मूळ वर्णन ज्या नदीतून झालं, तिथल्या नमुन्याशी ताडून बघा. प्रत्येक माशाचा फोटो आणि जागेची नोंद हवीच.

फक्त मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राचा) डीएनए वाचणं ही आणखी एक सवय. स्वस्त पडतं, पण तो आईकडूनच येतो. संकर झाला असेल तर पिल्लू बिनबोभाट आईच्या जातीत मोजलं जातं. बाहेरून मासे सोडलेल्या नदीत केंद्रकातल्या डीएनएच्या खुणाही तपासल्याच पाहिजेत.

निकालात प्रत्येक डोहातले मासे म्हणजे इतरांत न मिसळणारा वेगळा गट वाटतोय? कदाचित दर डोहातून नुसती पिल्लं पकडली असतील आणि ती सगळी भावंडं निघाली असतील. नात्याची चाचणी करा, वेगवेगळ्या वयाचे मासे घ्या, जमल्यास वेगवेगळ्या वर्षांचे.

सर्वांत फसवा निकाल म्हणजे ‘विविधता चांगली आहे’. प्रजननात खरोखर वाटा उचलणाऱ्यांची परिणामकारक संख्या ५० वर आली, तरी एका पिढीत विषमयुग्मता (आईबापांकडून एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं मिळण्याचं प्रमाण) सरासरी फक्त १ टक्क्याने घटते. महसीरसारख्या दीर्घायुषी माशात एक पिढी म्हणजे बरीच वर्षं. नदी रिकामी होत असताना अहवाल हिरवाच राहतो. दुर्मीळ जनुकरूपं आधी गळतात, म्हणून ती मोजा. जुने वाळवलेले खवले कुठे जपलेले असतील तर आजच्याशी तुलनेसाठी तेही तपासा. उलट, मोजक्या जोड्यांपासून वाढवलेली हजारो बोटुकली सोडली की डोह भरलेला दिसतो, परिणामकारक संख्या मात्र खाली जाऊ शकते. हॅचरीला ‘किती सोडले’ याआधी ‘किती माद्या, किती नर, कुठल्या नदीचे’ हे विचारा.

नमुन्याचं थोडक्यात: फॉर्मलीन नको, त्यात डीएनए खराब होतो. पराचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, आणि दर माशानंतर कात्री स्वच्छ करा.