सहकुटुंब शहर पाहायला निघालात? दिवस बिघडवणाऱ्या या चुका टाळा

आमच्या सहलींत जेवढी भांडणं झाली, त्यातली बहुतेक दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान झाली. वरवरची कारणं वेगवेगळी होती. कुणाला रस्ता चुकला म्हणून राग आला, कुणी फोटोसाठी थांबायला नकार दिला, धाकट्यानं फुटपाथवरच बसकण मारली. खरं कारण दर वेळी एकच निघालं: सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि जेवायचं कुठे, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

म्हणून सगळ्यात मोठ्या चुकीपासूनच सुरुवात करते.

जेवणाचं ‘वाटेत बघू’

आपण ठिकाणांची यादी मन लावून करतो आणि जेवण मधल्या फटीत कोंबतो. घरच्यांना घेऊन फिरताना हे उलटं करावं लागतं. आधी दोन जेवणांच्या वेळा आणि जागा ठरवायच्या, मग त्यांच्या आजूबाजूला बसतील तेवढीच ठिकाणं घ्यायची.

प्रसिद्ध ठिकाणाच्या दारासमोरची हॉटेलं दुपारी एकच्या सुमाराला भरलेली असतात. टेबल मिळायला वेळ, ऑर्डर द्यायला वेळ, ताट समोर यायला आणखी वेळ. मोठी माणसं तेवढं निभावतात, पाच वर्षांचं मूल निभावू शकत नाही आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. शिवाय अनेक शहरांत दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या मध्ये स्वयंपाकघर काही तास बंदच असतं. तीन वाजता पोचलात तर चहा-कॉफीवर भागवावं लागतं.

आदल्या रात्री सकाळच्या ठिकाणापासून पायी दहा मिनिटांच्या आत असलेल्या दोन जागा हेरून ठेवा. दोन अशासाठी, की एक बंद किंवा भरलेली निघू शकते. मेन्यू तेव्हाच पाहून घ्या, म्हणजे मुलं आणि आजी-आजोबा काय खातील हा प्रश्न टेबलावर सुटायचा राहत नाही. आणि गर्दीच्या तासभर आधी जेवायला बसा. बारा वाजता भूक नसते असं वाटतं, पण सकाळपासून चाललेल्या पायांना ती असते.

तरीही उशीर झालाच तर? मग ‘इथलं अमुक प्रसिद्ध हॉटेल’ शोधत फिरू नका. जिथे बसायला जागा आहे तिथे बसा, आधी पाणी प्या, मुलांसाठी पटकन येणारी एखादी गोष्ट सगळ्यांच्या आधी मागवा. पुढच्या कार्यक्रमावर जेवण होईपर्यंत बोलू नका. रिकाम्या पोटी घेतलेले निर्णय आम्हाला दर वेळी बदलावे लागले आहेत.

पिशवीत सुका खाऊ जरूर ठेवा. मात्र शिजवलेलं, उरलेलं अन्न बांधून घेऊन दिवसभर फिरवू नका. बाहेरच्या तापमानात ते 2 तासांच्या आत संपवायचं असतं आणि हवा 32 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर 1 तासाच्या आत.

सगळं पाहून घेण्याचा हट्ट

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे 80 लाख वस्तू आहेत. त्यातल्या साधारण 80 हजारच, म्हणजे शंभरात एक, प्रत्यक्ष मांडलेल्या असतात. संग्रहालयालाच सगळं दाखवता येत नाही, तर आपण एका दिवसात सगळं पाहण्याचा प्रयत्न कशाला करायचा?

संग्रहालयात येणारा थकवा खरा असतो. बॉस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली त्यावर लेख लिहिला होता आणि कपाटातल्या वस्तू पाहताना माणसाला किती वाकावं, मान तिरकी करावी लागते, हे छायाचित्रांतून दाखवलं होतं. मोठ्यांची ही गत, तर ज्याची उंची काचेपर्यंतही पोचत नाही त्याचं काय होत असेल! आत जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला एकच वस्तू किंवा एकच दालन निवडू द्या. दीड तासात तेवढं पाहून बाहेर पडा. मूल स्वतः निवडलेल्या वस्तूसमोर जसं थबकतं, तसं ते आपण ओढून नेलेल्या दहा वस्तूंसमोर कधीच थबकत नाही.

दिवसाला एक मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारनंतर बाग, नदीकाठ, बाजार असं काहीतरी, जे अर्ध्यात सोडलं तरी हळहळ वाटणार नाही.

बंद दरवाजा

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्याच शहरातलं ऑर्से संग्रहालय सोमवारी, आणि ताजमहाल शुक्रवारी. प्रत्येक ठिकाणाचा सुट्टीचा वार वेगळा, त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. शेवटचा प्रवेशही बहुतेक ठिकाणी बंद होण्याच्या वेळेआधीच थांबतो. मोठ्या बॅगा आत नेता येतात का, हेही आधीच तपासा.

नकाशातली पंधरा मिनिटं

नकाशा चालण्याचा वेळ एकट्या धडधाकट माणसाच्या चालीनं मोजतो. लहान मूल, ढकलगाडी किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर तो दुप्पट धरा. जिने किती आहेत, मध्ये बसायला बाक आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, हे अंतरापेक्षा महत्त्वाचं. नवे बूट या दिवशी घालू नका, ते हमखास चावतात. टाच हुळहुळायला लागली की लगेच पट्टी लावा, फोड आल्यावर नाही.

गर्दीत चुकामूक झाली तर

ही भीती प्रत्येक आई-बाबांच्या पोटात असते, तरी तिच्याविषयी मुलांशी बोलायचं आपण टाळतो. सकाळी निघताना मुलांचा एक फोटो काढा, म्हणजे अंगावरचे कपडे आठवत बसावे लागत नाहीत. खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि एकच सूचना द्या: आम्ही दिसलो नाही तर शोधायला निघू नकोस, आहेस तिथेच थांब, आम्ही येतो. दोघंही शोधत फिरले की भेट लांबते. मोठ्या मुलांसाठी प्रत्येक ठिकाणी शिरताना भेटायची जागा बोट दाखवून ठरवा. फोनवर विसंबू नका, दिवसभर नकाशा आणि कॅमेरा चालला की बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

रात्रीचं खास जेवण

दिवसभर तंगडतोड केल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला रात्री नऊचं टेबल राखून ठेवणं ही शेवटची मोठी चूक. ताट येईपर्यंत मुलं टेबलावरच झोपलेली असतात. खास जेवायचंच असेल तर ते दुपारी करा, किंवा दुपारी दोन तास खोलीवर येऊन पडा आणि मग निघा. एरवी रात्रीची जागा मुक्कामापासून चालत जाता येईल अशीच निवडा. तेवढंही त्राण उरलं नसेल तर घरातल्या एकानं जाऊन जेवण बांधून आणावं आणि बाकीच्यांनी बूट काढून पाय पसरावेत.