दिवाळीत आई-वडिलांना घेऊन सोलापूरहून पुण्याला निघताय? या चुका टाळा

भाऊबीजेला पुण्याला जायचं म्हणलं की आमच्या घरात आदल्या दिवसापासूनच धावपळ. कडक भाकरी बांधायच्या, शेंगाचटणीचा डबा भरायचा, ताईसाठी चादर घ्यायची, आणि या सगळ्यात फोनमधल्या कामांकडं कुणाचंच लक्ष नसतं, ती पहाटे साडेपाचला स्टेशनवर आठवतात. आप्पा-आईला घेऊन आता बऱ्याच खेपा झाल्यात. गर्दी, उशीर हे त्यांना नवीन नाही, आयुष्य गेलंय त्यात. त्यांना भीती वाटते ती ॲप, ओटीपी, आपोआप बंद होणारी दारं याची, आणि नेमकं त्याच वेळी आपण घाईत त्यांच्या हातातला फोन ओढून घेतो.

तिकीट एकाच फोनमध्ये ठेवू नका

ही चूक आमच्याकडून झालीय म्हणून आधी सांगतो. गेल्या दिवाळीला तिकीट भावाच्या फोनवर होतं, तो आम्हाला स्टेशनपाशी सोडून गाडी लावायला गेला आणि गर्दीत अडकला. आप्पा दर दोन मिनिटाला विचारतायत, "डबा कुठला रे आपला?" आणि मला सांगता येईना, कारण एसएमएस त्याच्याकडं, फोन लावावा तर तो उचलेना. तो पळत आला तेव्हा गाडी सुटायला पाच मिनिटं राहिलेली, मग आईला धरून अख्खा प्लॅटफॉर्म पळवत नेलं, सीटवर बसल्यावर कितीतरी वेळ तिची धाप कमी होईना. ते बघून पोटात कालवलं.

तेव्हापासून आदल्या रात्री तिकिटाचा एसएमएस घरातल्या सगळ्यांना फॉरवर्ड करतो, आणि एका कार्डावर जाड स्केचपेननं गाडीचं नाव, डबा, सीट, माझा नंबर आणि ताईचा नंबर लिहून ते आईच्या बटव्यात ठेवतो. आप्पांना ते चष्म्याशिवाय वाचता येतं हे महत्त्वाचं. फोन बंद पडला, हरवला, तरी ते कार्ड राहतं.

ई-तिकिटाची प्रिंट लागत नाही, एसएमएस चालतो, पण त्या तिकिटावरच्या निदान एका माणसाचं ओळखपत्र ओरिजिनल पाहिजे. आधारचा गॅलरीतला फोटो किंवा झेरॉक्स टीसी मान्य करत नाहीत. डिजिलॉकर या सरकारी ॲपमधलं आधार चालतं, फक्त ते घरीच उघडून ठेवा, कारण लॉगिनचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि बऱ्याच आई-वडिलांचा तो नंबर म्हणजे घरी ठेवलेला जुना फोन असतो की.

सगळ्यांचं एकच तिकीट काढताय?

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघणार असाल तर हे बघाच. सीनियर सिटिझनचा जो लोअर बर्थचा कोटा असतो (पुरुष ६०, बायका ४५ वर्षांपुढं) तो एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असली तर मिळतो. आपण सहा जणांचं एकत्र काढतो आणि मग आजीला वरचा बर्थ आला म्हणून रात्रभर लोकांना विनवत बसतो. घरातल्या दोघा म्हाताऱ्या माणसांचं तिकीट वेगळं काढा. तिकीट वेगळं झालं की त्यांच्याजवळ त्यांचं ओळखपत्रही वेगळं पाहिजे, हे विसरू नका.

तिकीट वेटिंगला असेल तर चार्ट लागल्यावर परत बघा. ऑनलाइन काढलेलं तिकीट सगळंच्या सगळं वेटिंगला राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, त्यावर गाडीत चढता येत नाही.

बॅगा ठेवायला म्हणून आत चढू नका

सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, सकाळी सहाच्या सुमारास निघते आणि साधारण तीन तासांत पुणे. आई-वडिलांसाठी खूप सोयीची गाडी आहे. पण आपली जुनी सवय काय, पोचवायला आलेला माणूस बॅगा घेऊन आत जातो, आईला खिडकीपाशी बसवतो, पाणी आणून देतो, आणि गाडी हलली की उडी मारून उतरतो. इथं ते जमत नाही. दारं आपोआप बंद होतात, ती हातानं उघडायला जाऊ नका, पुढचा थांबा थेट कुर्डुवाडी, म्हणजे जवळपास ८० किलोमीटर. निरोप प्लॅटफॉर्मवरच घ्या, वाकून नमस्कारही तिथंच. कुणी आत अडकलंच तर साखळी ओढण्यापेक्षा टीसीला गाठा आणि काय झालं ते सांगा.

डब्यांच्या मधली दारं सेन्सरची आहेत. आई पहिल्यांदा कडी शोधत होती, दार सरकलं तसं दचकून मागं झाली. पुढच्या खेपेला मी आधी दोनदा जाऊन-येऊन दाखवलं, मग ती एकटी गेली. आप्पांसारखं कुणाला बिडीची सवय असेल तर निक्षून सांगा, धुराचा अलार्म वाजतो आणि गाडी थांबू शकते.

चार्जिंग आणि नेट

फोन रात्रीच १०० टक्के करा. रात्रीच्या गाडीत सुटल्यावर चार्ज करू म्हणू नका, बऱ्याच गाड्यांत ११ ते ५ पॉइंट बंद ठेवतात. ताईला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवताना ८ तासांचं निवडा, एक तासाचं दिलं की मोहोळच्या पुढं ते बंद पडतं आणि तिला काळजी. गाडीची चौकशी करायला नेट नसेल तर १३९ ला फोन लावा.

फक्त यूपीआयच्या भरवशावर निघू नका

सणाच्या गर्दीत पेमेंट फिरत राहतं. पैसे कटले आणि चहावाल्याला आले नाहीत तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका, आधी हिस्ट्रीत फेल, पेंडिंग काय दिसतंय ते बघा. आईकडं दहा-वीस-पन्नासच्या मिळून पाचशे रुपये सुटे असू द्या.

आणि "तिकीट कॅन्सल झालं, रिफंडसाठी लिंक दाबा" असा मेसेज किंवा फोन आप्पांना आला तर? रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले तिथंच येतो, त्याला लिंक लागत नाही, पिन तर अजिबात नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे त्यांना घरी बसून शांतपणे सांगा, शक्य असेल तर दोनदा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

मेट्रोचं तिकीट बाहेर पडेपर्यंत जपा

पुणे स्टेशनला उतरून मेट्रोनं जाणार असाल तर क्यूआरचं तिकीट आत जाताना आणि बाहेर पडतानाही स्कॅन होतं. आप्पांनी आत गेल्यावर कागद चुरगाळून खिशात कोंबला आणि बाहेरच्या गेटवर तो स्कॅनच होईना, मागं लोकांची रांग, ते गोरेमोरे झाले. मी कागद मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला, त्यांच्याच हातात दिला, "आता काचेवर पालथा धरा" म्हणलं, आणि गेट उघडलं. सरकत्या जिन्यावर आईचा पदर आणि निऱ्या सांभाळा, तिला नको वाटत असेल तर लिफ्ट असते, तिकडं न्या.