नकारार्थी इंग्रजी वाक्यात ‘हिमसेल्फ’ची जागा: माझा अनुभव

वाक्य दुरुस्त करताना मी आधी पाहतो, हिमसेल्फ काढला तर काय उरतं. ‘ही डिडन्ट हर्ट हिमसेल्फ बॅडली’मधून काढला, तर कर्म जातं आणि वाक्य लंगडं पडतं. म्हणजे तो क्रियापदाला चिकटूनच हवा. ‘हर्ट बॅडली हिमसेल्फ’ चुकीचं, कारण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण सहसा शिरत नाही.

‘ही डिडन्ट फिक्स इट हिमसेल्फ’मध्ये मात्र काढला तरी वाक्य उभं राहतं. इथे तो फक्त जोर देतो: काम झालं असेल, पण दुसऱ्याकडून. आपल्या ‘त्याने स्वतः केलं नाही’च्या सवयीने ‘ही डिडन्ट हिमसेल्फ फिक्स इट’ लिहिलं जातं. चूक नाही, पण बोलताना अवघडलेलं वाटतं, शेवटी टाका.

खरी गंमत क्रियाविशेषणाची. ‘ही डिडन्ट डेलिबरेटली हर्ट हिमसेल्फ’ म्हणजे लागलं असेल, पण मुद्दाम लावून घेतलेलं नाही. ‘डेलिबरेटली’ ‘डिडन्ट’च्या आधी नेलं, की स्वतःला लागू न देणं हेच त्याने ठरवून केलं असा अर्थ होतो. अपघाताच्या जबाबात एवढा फरक महागात पडेल.

‘आय डोन्ट रिअली नो मायसेल्फ’ दुहेरी आहे: ‘मलाही नीटसं माहीत नाही’ किंवा ‘मी स्वतःलाच ओळखत नाही’. पहिला अर्थ हवा असेल तर ‘आय डोन्ट रिअली नो आयदर’ लिहावं.